काचेखालची गोल इमारत

बँकेतल्या माणसाच्या टेबलावरची काच उचलून पाहिली की तो माणूस कळतो, असे माझे जुने मत आहे. एकाच्या काचेखाली गजानन महाराज असतात, दुसऱ्याच्या काचेखाली व्याजदरांचा तक्ता, तिसऱ्याच्या काचेखाली मुलीचा शाळेतला फोटो आणि विम्याच्या हप्त्याची तारीख. १९८४ साली माझी बदली गिरगावातल्या शाखेत झाली, तेव्हा तिथल्या हेड कॅशियरच्या काचेखाली मात्र मासिकातून कापलेले एक कृष्णधवल छायाचित्र होते. पांढरी, गोल, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली एक इमारत. मी नवा, त्यातून तरुण अधिकारी. पहिल्याच दिवशी विचारले, "कुठली हो ही पाण्याची टाकी?"

"टाकी नाही साहेब, म्युझियम आहे. न्यूयॉर्कचं. गुगेनहाइम म्हणतात." एवढे बोलून ते पुन्हा नोटा मोजू लागले.

सारी शाखा त्यांना अण्णा म्हणत असे. अण्णा दोन वर्षे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. मग वडील गेले, पाठची भावंडे लहान, तेव्हा बँकेची परीक्षा देऊन ते कॅशमध्ये येऊन बसले. रद्द झालेल्या स्लिपांच्या पाठीवर पेन्सिलीने काहीबाही काढत. एकदा शनिवारी अर्ध्या दिवसाचे कामकाज आटोपल्यावर ते मला जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन गेले. एका मोठ्या कॅनव्हाससमोर आम्ही उभे राहिलो. त्यात ना माणूस, ना झाड, ना घर. मी विचारले, "अण्णा, यात आहे काय?" ते म्हणाले, "साहेब, जरा उभे राहा." मी अर्धा मिनिट उभा राहिलो आणि घड्याळ पाहिले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी हा प्रसंग डबे उघडून बसलेल्या मंडळींना रंगवून सांगितला. "रंगाचा डबा सांडला होता आणि अण्णा त्याला नमस्कार करत होते," हे माझे वाक्य त्या दिवशी फार गाजले. अण्णाही थोडेसे हसले. त्यानंतर त्यांनी मला कधी कुठल्या प्रदर्शनाला बोलावले नाही.

ती गोल इमारत मात्र पुढे मला वारंवार भेटत राहिली. गंमत अशी, की ती चित्रकलेच्या वाटेने कधीच भेटली नाही. भेटली ती सिनेमात, कार्टूनमध्ये आणि नातवाच्या हट्टात.

उलटी उतरंड

या इमारतीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. सॉलोमन गुगेनहाइम हे खाणींच्या धंद्यात गडगंज झालेल्या घराण्यातले अमेरिकन गृहस्थ. उतारवयात त्यांना हिला रिबाय नावाच्या जर्मन चित्रकर्तीने नव्या चित्रांची गोडी लावली. कांदिन्स्कीसारख्या चित्रकारांची कामे त्यांच्या संग्रहात येऊ लागली. १९३७ साली त्यांनी प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या जागेत संग्रहालय उघडले. त्याचे नाव होते 'म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग'. वस्तुनिरपेक्ष चित्रांचे संग्रहालय, असे आपण म्हणू. घर, झाड, माणूस यांपैकी कशाचेही चित्र नव्हे, तर केवळ रंग आणि आकार यांचे चित्र. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९४३ मध्ये रिबायबाईंनी त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत गाजलेले वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांना पत्र पाठवून या चित्रांसाठी वास्तू मागितली. वास्तू कसली, आत्म्याचे मंदिरच हवे, अशी त्यांची मागणी होती. राइट तेव्हा पंचाहत्तरीत होते. त्यांनी काढले ते सर्पिल आकाराचे घर. आपल्याकडे जुन्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असे. खाली मोठे मडके, वर लहान, त्यावर आणखी लहान. राइट यांनी ती उतरंड उलटी ठेवली: खालचे कडे लहान, वरचे मोठे. आत मजले असे नाहीतच. भिंतीच्या कडेने सुमारे पाव मैल लांबीचा एकच उतार गोल गोल फिरत जातो. मधोमध प्रचंड पोकळी आणि माथ्यावर काचेचा घुमट. लिफ्टने थेट वर जायचे आणि चित्रे पाहत घाट उतरल्यासारखे खाली यायचे, अशी मूळ योजना होती.

कल्पना सुचणे आणि इमारत उभी राहणे यांत सोळा वर्षे गेली. युद्धामुळे साहित्य महागले, नगरपालिकेच्या नियमांत ही गोल वस्तू बसेना, आराखडे पुन्हा पुन्हा बदलले. १९४९ साली गुगेनहाइम वारले. १९५२ साली रिबायबाईंना संचालकपद सोडावे लागले. १९५६ मध्ये बांधकाम सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस एकवीस चित्रकारांनी निषेधाचे पत्र काढले. विलेम डी कूनिंग, फ्रँझ क्लाइन, रॉबर्ट मदरवेल अशी बडी नावे त्यात होती. भिंती वाकड्या, जमीन उतरती, इथे सरळ चौकटीतले चित्र लावायचे कसे आणि पाहायचे कसे, ही त्यांची तक्रार. थोडक्यात, ही इमारत आमची चित्रे गिळून टाकील, अशी त्यांना भीती होती.

राइट यांचे उत्तर असे, की भिंती मागे कलत्या असल्यामुळे चित्र ईझलवर ठेवल्यासारखे दिसेल. पण प्रत्यक्षात संचालक स्वीनी यांनी भिंतीतून लोखंडी दांडे बाहेर काढून चित्रे त्यांवर उभी केली, म्हणजे चित्रकारांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. ९ एप्रिल १९५९ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी राइट गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला फिफ्थ अॅव्हेन्यूवर संग्रहालयाचे दार उघडले आणि लोकांची रीघ लागली. कुणी या इमारतीला वॉशिंग मशीन म्हणाले. मी टाकी म्हणालो ते एकवेळ क्षम्य ठरावे.

अवघ्या सात वर्षांत, १९६६ साली, अमेरिकेच्या टपाल खात्याने राइट यांच्यावर दोन सेंटचे तिकीट काढले, तर त्यांच्या चेहऱ्यामागे हीच इमारत होती. चेष्टेचा विषय देशाच्या अभिमानाचा होण्यास एवढा अवधी पुरला. २००९ मध्ये लेगोवाल्यांनी ती ठोकळ्यांच्या खोक्यात भरली, आणि २०१९ मध्ये राइट यांच्या अन्य सात वास्तूंबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिची नोंद झाली.

पडद्यावरची पळापळ

पण टपाल तिकीट आणि युनेस्को यांनी जितक्या लोकांपर्यंत ही इमारत पोहोचवली, त्याच्या कितीतरी पट लोकांपर्यंत ती सिनेमाने नेली. १९९७ सालचा 'मेन इन ब्लॅक' आठवून पाहा. विल स्मिथ हा न्यूयॉर्कचा साधा पोलीस एका संशयिताचा पायी पाठलाग करत गुगेनहाइमपाशी येतो. तो संशयित सरळ त्या गोल भिंतीवर पालीसारखा चढू लागतो. माणसाला हे जमणार नाही, तेव्हा हा पृथ्वीवरचा नव्हे, हे प्रेक्षकाने ओळखावे. गच्चीवर दोघांची गाठ पडते. परग्रहावरच्या प्राण्याला चढायला अख्ख्या न्यूयॉर्कमधली नेमकी हीच इमारत का मिळाली? कारण तीही नुकतीच आकाशातून उतरल्यासारखी दिसते. दिग्दर्शकाला एकही शब्द खर्चावा लागला नाही.

दुसरा सिनेमा बँकवाल्याच्या जिव्हाळ्याचा. टॉम टिकवर यांचा २००९ सालचा 'द इंटरनॅशनल'. एक आंतरराष्ट्रीय बँक शस्त्रांच्या व्यवहारात उतरते. शस्त्रांवरचा नफा हा तिचा मुख्य हेतू नाही. युद्धामुळे देश कर्जात बुडतात, आणि ज्याच्या हातात कर्ज त्याच्या हातात देश, हे तिचे गणित. इंटरपोलचा अधिकारी झालेला क्लाइव्ह ओवेन आणि मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातली नाओमी वॉट्स तिच्या मागावर असतात.

मी हा चित्रपट घरी डीव्हीडीवर पाहिला आणि मध्येच थांबवून पत्नीला म्हटले, "अगं, ही तर आपली बीसीसीआय!" कथेमागची प्रेरणा खरोखर तीच होती. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांच्या नियंत्रकांनी एकाच वेळी तिला टाळे ठोकले. त्याच महिन्यात मॅनहॅटनच्या जिल्हा वकिलांनी तिच्यावर आरोपपत्र ठेवले. मुंबईतही तिची शाखा होती. पुढे स्टेट बँकेने ती ताब्यात घेतली. त्या दिवसांत आमच्या शाखेत ठेवीदार येऊन दबक्या आवाजात विचारत, "साहेब, आपल्याकडे तसं काही नाही ना?" आम्ही मान हलवत असू. आपली बँक सरकारी आहे, एवढेच आमच्याजवळ उत्तर होते.

तर त्या चित्रपटातला मारेकरी आणि त्याच्या मागावरची मंडळी गुगेनहाइममध्ये एकत्र येतात, आणि त्या पांढऱ्याशुभ्र उतारावर गोळ्यांचा जो पाऊस सुरू होतो तो कित्येक मिनिटे थांबत नाही. खऱ्या इमारतीत असा धिंगाणा कोण घालू देणार? म्हणून बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्गला, रेल्वे इंजिनांच्या एका जुन्या शेडमध्ये, गुगेनहाइमचा आतला भाग पूर्ण आकारात पुन्हा बांधण्यात आला. निव्वळ गोळ्या घालण्यासाठी! सोळा वर्षे खपून उभारलेल्या वास्तूला एवढा मोठा नमस्कार दुसऱ्या कुणी केला नसेल.

हे दृश्य पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या इमारतीत लपायला जागा नाही. भिंत गोल, कोपरा नाही, खांबांची गर्दी नाही, आणि मधल्या पोकळीतून वरचा खालच्याला व खालचा वरच्याला दिसतो. एरवी हा सोहळा असतो. आपण चित्रे पाहता पाहता समोरच्या कड्यावरची माणसे पाहतो, ती आपल्याला पाहतात. चाळीच्या चौकात उभे राहिल्यासारखे. तोच सोहळा टिकवर यांनी सापळा केला. इमारतीचा स्वभाव ओळखल्याशिवाय हे सुचत नाही.

तिसरा सिनेमा मुलांचा. २०११ सालचा 'मिस्टर पॉपर्स पेंग्विन्स'. जिम कॅरीच्या घरी आलेले सहा पेंग्विन एका बड्या लोकांच्या समारंभात गुगेनहाइममध्ये घुसतात आणि पोटावर पडून त्या उतारावरून सुळ्ळकन खाली येतात. राइट यांना हा प्रसंग आवडला असता, अशी माझी खात्री आहे. वरून खाली, एका दमात. त्यांची मूळ योजना तंतोतंत पाळणारे प्रेक्षक मिळाले, ते हे.

गुगेनहाइमचे स्पेनमधले धाकटे भावंडही पडद्यावर मागे राहिलेले नाही. बिल्बाओ हे पोलाद आणि जहाजबांधणीचे शहर. ते धंदे बसले तेव्हा तिथल्या बास्क सरकारने पैसा घातला आणि फ्रँक गेहरी यांच्याकडून नदीकाठी टायटॅनियमच्या पत्र्याने मढवलेली लाटेसारखी इमारत बांधून घेतली. ऑक्टोबर १९९७ मध्ये ती उघडली आणि ज्या शहराचे नाव कुणी घेत नव्हते तिथे पर्यटकांची झुंबड उडाली. दोनच वर्षांनी 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' मध्ये जेम्स बाँड एका स्विस बँकरच्या बिल्बाओतल्या कचेरीतून खिडकीवाटे निसटतो, तेव्हा मागे हे संग्रहालय आणि त्याच्या दारातला जेफ कून्स यांचा फुलांचा चाळीस फुटी कुत्रा दिसतो. सिनेमातल्या बँकांना गुगेनहाइमचे शेजार का मानवत नाही, याचा एखाद्या अभ्यासकाने विचार करावा.

आणि २००५ साली 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत गेहरी स्वतःच्याच आवाजात अवतरले. सिम्पसनबाईंचे पत्र येते, ते चुरगळून रस्त्यावर फेकतात, आणि त्या बोळ्याकडे पाहून म्हणतात की हीच आपली नवी इमारत! पुढे त्या संगीतगृहाचा तुरुंग होतो तो भाग वेगळा. पण लोकांना ते इतके पटले, की गेहरी खरोखरच कागद चुरगळून इमारती काढतात असे म्हणत मंडळी त्यांना भेटू लागली. विनोद म्हणून केलेली गोष्ट आपल्या मानगुटीवर बसली, अशी खंत त्यांनी पुढे एका मुलाखतीत बोलून दाखवली.

आता एक प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारावा. या सर्व सिनेमांत गुगेनहाइमच्या भिंतीवरचे एखादे चित्र तुम्हाला आठवते का? मला आठवत नाही. 'द इंटरनॅशनल' मध्ये यूलियान रोझेफेल्ट या जर्मन कलाकाराच्या चित्रफिती दाखवणारे पडदे आहेत, पण ते आपण पाहतो ते फुटताना. सिनेमातली माणसे या संग्रहालयात पळतात, चढतात, गोळ्या झाडतात, घसरतात. चित्रासमोर घटकाभर उभे राहायला कुणालाच वेळ नाही. एकवीस चित्रकारांनी १९५६ साली जी भीती घातली होती, ती सिनेमाने खरी करून दाखवली.

पण मी सिनेमाला दोष देणारा कोण? मी अर्धा मिनिट उभा राहिलो होतो.

पेंग्विनची घसरगुंडी

डिसेंबर २०१४ मध्ये, शिल्लक रजा एकत्र करून आम्ही दोघे न्यू जर्सीला मुलीकडे गेलो. नातू सहा वर्षांचा. न्यूयॉर्कमध्ये काय पाहायचे याची यादी जावयाने केली होती; नातवाने तिच्यात एकाच गोष्टीची भर घातली. पेंग्विनची घसरगुंडी. त्या नावाचे काही न्यूयॉर्कमध्ये नाही, असे त्याची आई म्हणत होती. मी मात्र ओळखले.

त्या काळी शनिवारी संध्याकाळी गुगेनहाइममध्ये 'जे द्याल ते' अशा तत्त्वावर प्रवेश मिळत असे. आम्ही थंडीत रांगेत उभे राहिलो. खिडकीपाशी पोहोचलो तर तिथली मुलगी हसून विचारते, "तुम्ही किती देऊ इच्छिता?" छत्तीस वर्षांच्या नोकरीत, तोवर त्यातली बत्तीस झाली होती, मी हजारो लोकांना दर सांगितले. मला दर ठरवायला कुणी सांगितले नव्हते. डॉलर त्या वेळी त्रेसष्ट रुपयांच्या आसपास होता. मनातल्या मनात गुणाकार करून मी माणशी पाच डॉलर पुढे केले. जावई दुसरीकडे पाहत राहिला.

आत गेलो आणि मान आपोआप वर झाली. सिनेमात इतक्यांदा पाहिलेली ती पोकळी, पण पडद्यावर तिची शांतता येत नाही. शेकडो माणसे होती तरी आवाज कुठेतरी वर जाऊन विरत होता. तळमजल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनचा डोळा घुमटाकडे. भिंतीकडे पाठ करून सगळे छताचे फोटो काढत होते. मीही काढला. अण्णांच्या काचेखालची इमारत बाहेरून होती. आतून ती अशी आहे, हे त्यांना दाखवायला हवे, असे त्या क्षणी वाटून गेले.

उतारावर त्या वेळी 'झीरो' या युरोपीय कलाकारांच्या गटाचे प्रदर्शन होते. पन्नाशीच्या दशकात जर्मनीत सुरू झालेली ही चळवळ. पांढऱ्या फळीवर शेकडो खिळे ठोकून त्यांच्या सावल्यांचे चित्र करणारा त्यात एक कलाकार आहे, ग्युंटर युकर. "आजोबा, खिळे!" नातू ओरडला आणि थांबला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहून त्याने खिळे हलतात असा निर्वाळा दिला. तो खिळ्यांसमोर माझ्या त्या अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ उभा होता. आणि तो तिथे आला होता पेंग्विनमुळे.

पुढच्या वळणावर मात्र त्याने बसकण मारली आणि घसरायचा प्रयत्न केला. रखवालदाराने अदबीने त्याला उठवले. "मग पेंग्विनला कसं सोडलं?" या प्रश्नाला त्या बिचाऱ्याकडे उत्तर नव्हते, आणि प्रश्न मराठीत असल्यामुळे ते द्यावेही लागले नाही. घसरण्याइतका तो उतार नाहीच. चालताना जेमतेम जाणवतो. चित्रासमोर थांबले की मात्र एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित खाली राहते, आणि शरीर म्हणू लागते, चला पुढे. या इमारतीत थांबायचे तर थोडे बळ लावावे लागते.

सपाट भिंतीवर

या इमारतीला लागून मागच्या बाजूला एक सरळसोट, चौकोनी इमारत आहे. १९९२ साली ती पुरी झाली. तिच्यातल्या दालनांच्या भिंती सपाट आहेत, जमीनही सपाट. उतारावरून एका दाराने मी तिकडे गेलो, तो दाराशी नाव वाचले: व्ही. एस. गायतोंडे.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणे गोव्याचे, बालपणाचा बराच काळ गिरगावच्या चाळीत गेला, १९४८ मध्ये जे. जे. मधून पदविका. पुढे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या खोलीत ते एकटे राहिले, वर्षाकाठी मोजकीच चित्रे केली, आणि २००१ साली गेले. त्यांच्या चित्रांना लोक अमूर्त म्हणत. त्यांना स्वतःला तो शब्द पसंत नव्हता. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. वस्तुनिरपेक्ष! ज्या शब्दासाठी रिबायबाईंनी न्यूयॉर्कमध्ये मंदिर मागितले, तोच शब्द गिरगावात वाढलेल्या एका माणसाने आपल्या चित्रांसाठी निवडला होता. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ असे त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन गुगेनहाइमने भरवले. कुणा मराठी मंडळाने भाड्याने सभागृह घेऊन केलेला हा कार्यक्रम नव्हता. संग्रहालयाने आपण होऊन मांडलेले हे पान होते.

गायतोंडे हे नाव मला त्याआधी एकाच कारणाने ठाऊक होते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, तेव्हा आधुनिक भारतीय चित्राला मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. नंतर तो आकडाही मागे पडला. आमच्या बँकेत त्या दिवशी चित्राविषयी कुणी बोलले नाही. एवढ्या रकमेवर व्याज किती, याचा हिशेब झाला. जसे गुगेनहाइम पाठलागाने प्रसिद्ध, तसे गायतोंडे आकड्याने.

दालनात पाच-सात माणसे असतील. तिकडे उतारावर जत्रा, इकडे सामसूम. मी एका करड्या-हिरव्या चित्रासमोर थांबलो. ब्रशापेक्षा रोलर आणि सुरी यांनी ते काम करत. रंग चढवत, पुसत, पुन्हा चढवत. आधी मला काहीच दिसले नाही. मग पाण्याखाली काही हलावे तसे काही आकार वर आल्यासारखे वाटले. ते अक्षरे नव्हती, पण वाचता येतील असे वाटत होते. उजेड चित्रावर पडत नसून चित्रातून येत होता. ते नेमके काय होते, हे मला आजही सांगता येणार नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने ही कबुली द्यावी हे फारसे भूषणावह नाही. पत्नी शोधत आली तेव्हा कळले, की पंधरा मिनिटे झाली होती.

"बरं वाटतंय ना?" तिने विचारले. मला अण्णांचा, त्या डब्यांचा आणि त्या हशाचा आठव झाला होता, हे मी तिला त्या वेळी सांगितले नाही.

परत आल्यावर डोंबिवलीला अण्णांकडे गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. संग्रहालयाच्या दुकानातून आणलेली दोन कार्डे मी त्यांच्या हातात दिली, एक इमारतीचे, एक गायतोंड्यांचे. अण्णांनी इमारतीचे कार्ड बराच वेळ पाहिले.

"उतार कळतो का हो चालताना?"

"चालताना नाही कळत. थांबलं की कळतो."

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. ज्या गोष्टीचा विचार ते तीस वर्षे काचेवरून करत होते, तिचा खुलासा झाल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मग मी गायतोंड्यांचे कार्ड पुढे सरकवले आणि म्हटले, "अण्णा, यांच्या चित्रासमोर पंधरा मिनिटं उभा होतो."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "असं? मग साहेब, यात आहे काय?"

मी गप्प बसलो. त्यांनी आणखी काही विचारले नाही. त्यांच्या घरात काचेचे टेबल नाही. त्यांनी दोन्ही कार्डे शोकेसच्या काचेला आतून टेकवून उभी केली, गायतोंड्यांचे कार्ड जरा तिरके झाले ते सरळ केले, आणि वहिनींना हाक मारून चहा टाकायला सांगितला.